उच्चार एक, शब्द दोन : स्पेलचेक आणि शब्दकोश यांची पारख

इंग्रजीत लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी स्पेलिंगची चूक सर्वांत किरकोळ, असे आता मानले जाते, कारण ती पकडण्याचे काम संगणकाने आपल्याकडे घेतले आहे. शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली की लिहिणारा थांबतो, शब्द दुरुस्त करतो आणि पुढे जातो. एका प्रकारच्या चुकीपुढे मात्र ही सोय थिटी पडते. लिहिलेला शब्द स्पेलिंगच्या दृष्टीने निर्दोष असतो, कोणत्याही शब्दकोशात तो सापडतो, पण त्या वाक्यात तो नको असतो. तिथे त्याच उच्चाराचा दुसरा शब्द हवा असतो. ‘स्टेशनरी’ हा उच्चार डोक्यात ठेवून कोणी शेवटी ए-आर-वाय लिहितो, कोणी ई-आर-वाय. पहिल्याचा अर्थ एका जागी उभा, स्थिर. दुसऱ्याचा अर्थ कागद, पाकिटे, पेन वगैरे लेखनसाहित्य. दोन्ही स्पेलिंगे बरोबर असल्यामुळे रेघ उमटत नाही आणि ‘स्थिर’ वस्तूंची मागणी करणारे पत्र बिनदिक्कत रवाना होते.

अशा जोड्यांतून योग्य शब्द निवडायला मदत करणारी दोन साधने आज इंग्रजी लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हाताशी आहेत. एक म्हणजे लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्येच असलेला स्पेलिंग आणि व्याकरणाचा तपासनीस, ज्याला आपण सरसकट स्पेलचेक म्हणतो. दुसरे म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम रचलेला शब्दकोश. या परीक्षणात मी दोघांनाही या एकाच कामापुरते जोखले आहे. शब्दकोशांपैकी माझ्या रोजच्या वापरातला ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हा आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्या ऑनलाइन आवृत्तीविषयी आहे.

माझी कसोटी साधी आहे. समोच्चारी, म्हणजे सारख्या उच्चाराच्या, शब्दांच्या बाबतीत चांगल्या साधनाने दोन कामे करायला हवीत : लिहिणाऱ्याला शंका यायला हवी तिथे ती आणून द्यावी, आणि आलेली शंका नि:संदिग्धपणे मिटवावी. यांतले पहिले काम स्पेलचेक अर्धेमुर्धे करतो, दुसरे काम शब्दकोश फार चांगले करतो, आणि दोन्ही कामे एकट्याने नीट पार पाडणारे साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

मुळात इंग्रजीत असे शब्द इतके का आहेत, हे थोडक्यात पाहिले तर दोन्ही साधनांच्या मर्यादा समजायला सोप्या जातात. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलले. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि त्यानंतर स्पेलिंगे हळूहळू ठरून जाऊ लागली, ती नेमकी हे बदल चालू असताना. परिणाम असा झाला की पूर्वी वेगवेगळे उच्चारले जाणारे शब्द एकाच उच्चारात येऊन मिळाले, पण कागदावर आपापले जुने रूप राखून राहिले. भेटणे या अर्थाचा डबल ई असलेला ‘मीट’ आणि मांस या अर्थाचा ई-ए असलेला ‘मीट’ ही त्याची सर्वांना माहीत असलेली जोडी. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मध्ये आज मुका असलेला के एके काळी बोलला जात असे. डब्ल्यू-एच आणि नुसता डब्ल्यू यांतला फरक तर स्कॉटलंडमधले अनेक लोक आजही बोलण्यात पाळतात, त्यामुळे ‘कोणता’ या अर्थाचा ‘विच’ आणि चेटकीण या अर्थाचा ‘विच’ त्यांच्या कानाला वेगळे ऐकू येतात. या स्पेलिंगांना मनमानी म्हणून नावे ठेवण्याची आपल्याला सवय आहे. ती अन्यायाची आहे. त्यांत जुन्या उच्चारांची नोंद जपलेली आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी परका नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ या जोड्या आपण शाळेत शिकतो आणि बोलताना बरेचदा एकसारख्याच उच्चारतो. पण इंग्रजीच्या बाबतीत आपला कान आणखी एक अडचण उभी करतो. जे शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना वेगळे ऐकू येतात, त्यांतले काही आपल्याला सारखे वाटतात. सल्ला हे नाम सी-ई ने संपते आणि त्याच्या शेवटी ‘स’ ऐकू येतो. सल्ला देणे हे क्रियापद एस-ई ने संपते आणि त्याच्या शेवटी दंततालव्य ‘झ’सारखा घोष ध्वनी येतो. आपल्याकडे दोन्ही ‘अ‍ॅडव्हाइस’च होतात आणि मग पत्रातही एकाच्या जागी दुसरा जातो. सैल या अर्थाचा दोन ओ असलेला शब्द आणि गमावणे या अर्थाचा एक ओ असलेला शब्द, हे दोन्ही आपल्या तोंडी ‘लूज’. याउलट ब्रिटिश उच्चारात ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ किंवा पकडले या अर्थाचा ‘कॉट’ आणि ‘कोर्ट’ हे एकरूप होतात, कारण तिथे व्यंजनाआधीचा आर बोलला जात नाही. आपण तो ठसठशीत उच्चारतो, म्हणून त्या जोड्या आपल्याला त्रास देत नाहीत. थोडक्यात, गोंधळात टाकणाऱ्या शब्दांची आपली यादी आणि इंग्रजांची यादी तंतोतंत जुळत नाही. हा मुद्दा पुढे शब्दकोशाविषयी लिहिताना पुन्हा लागणार आहे.

आता स्पेलचेककडे वळू. त्याचा जन्मच शब्दांच्या यादीतून झाला. स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी १९७१ मध्ये केलेला प्रोग्राम हा या प्रकारच्या पहिल्या व्यवहार्य प्रोग्रामांपैकी एक. मजकुरातला प्रत्येक शब्द यादीत आहे की नाही, एवढेच असे प्रोग्राम पाहत असत. यादी मोठी केली की तपासणी अधिक चांगली होईल, असे कोणालाही वाटेल. जेम्स पीटरसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणात याच्या उलट गोष्ट दाखवून दिली : यादी जितकी मोठी, तितक्या जास्त चुका सुटतात. कारण यादीत क्वचित वापरले जाणारे शब्द भरत गेले की चुकीने टंकलेला शब्द त्यांपैकी एखाद्याशी जुळून जाण्याची शक्यता वाढते. समोच्चारी शब्दांचे तर दोन्ही घटक नेहमीच्या वापरातले असतात, त्यामुळे यादी लहान ठेवूनही उपयोग नाही.

वर्ड ९५ मध्ये टंकत असतानाच लाल रेघ दिसू लागली आणि स्पेलचेक घराघरांत पोहोचला, पण ही उणीव तशीच राहिली. १९९०च्या दशकात संशोधकांनी तिच्यावर एक चांगला उपाय शोधला. एकमेकांच्या जागी पडणाऱ्या शब्दांचे छोटे गट आधीच बनवायचे, आणि मजकुरात त्यांतला एखादा शब्द आला की आजूबाजूचे शब्द पाहून गटातला कोणता शब्द तिथे अधिक शोभतो ते ठरवायचे. २००७च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये संदर्भ पाहून स्पेलिंग तपासण्याची सोय आली तेव्हा सर्वसाधारण वापरकर्त्याला या विचाराचा पहिला अनुभव आला. आजचे तपासनीस त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. ते पूर्ण वाक्य आणि कधी कधी मागचा परिच्छेदही विचारात घेतात.

याचा फायदा कुठे होतो आणि कुठे होत नाही, याची एक स्पष्ट रेषा वापरातून दिसू लागते. जोडीतले दोन शब्द व्याकरणाच्या दृष्टीने वेगवेगळ्या जातीचे असतील, तर तपासनीस बहुधा चूक पकडतो. ‘त्याचे’ या अर्थाचा ‘इट्स’ आणि ‘ते आहे’ याचे संक्षिप्त रूप असलेला, वर लोपचिन्ह घेतलेला ‘इट्स’. ‘तुमचे’ आणि ‘तुम्ही आहात’ यांचे ‘युअर’. ‘त्यांचे’, ‘तिथे’ आणि ‘ते आहेत’ ही ‘देअर’ची तीन रूपे. इथे एकाच्या जागी दुसरे ठेवले की वाक्याचा सांगाडाच मोडतो आणि मोडलेला सांगाडा यंत्राला चटकन दिसतो. घाईघाईत लिहिणाऱ्याच्या हातून सर्वाधिक होणाऱ्या चुका याच असल्यामुळे तपासनिसाची ही मदत मी अजिबात कमी लेखत नाही.

पण जोडीतले दोन्ही शब्द नाम असतील, किंवा दोन्ही विशेषणे असतील, तर सांगाडा शाबूत राहतो आणि फक्त अर्थ बदलतो. ‘काँप्लिमेंटरी’ हे विशेषण पाहा. पी-एल-आय असलेल्या रूपाचा अर्थ प्रशंसापर किंवा विनामूल्य दिलेले. पी-एल-ई असलेल्या रूपाचा अर्थ परस्परपूरक. पुस्तकाची भेटप्रत द्यायची असेल तर पहिले रूप हवे. तिथे दुसरे लिहिले तर वाचणारा समजेल की ही प्रत आणखी कशाला तरी पूरक आहे, आणि तसेही होऊ शकते, म्हणून यंत्राला हरकत घ्यायला जागा उरत नाही. गाजावाजा न करणारा, जपून बोलणारा या अर्थाचा डबल ई असलेला ‘डिस्क्रीट’ आणि सुटा, अलग या अर्थाचा ई-टी-ई ने संपणारा ‘डिस्क्रीट’. सल्ला या अर्थाचा ‘काउन्सेल’ आणि मंडळ या अर्थाचा ‘काउन्सिल’. तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि संस्थेचा प्रमुख या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ : या सर्व जोड्या याच प्रकारच्या. मी वापरून पाहिलेल्या तपासनिसांनी यांतल्या काही चुका एका वाक्यात पकडल्या आणि थोड्या वेगळ्या बांधणीच्या दुसऱ्या वाक्यात तशाच सोडून दिल्या. या अनियमितपणाचा त्रास मला सर्वांत जास्त वाटतो. जे साधन कधीच पकडत नाही त्याच्यावर कोणी विसंबत नाही. जे बहुतेकदा पकडते त्याच्यावर माणूस डोळे मिटून विसंबतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. नेतृत्व करणे या क्रियापदाचा भूतकाळ ‘लेड’, स्पेलिंग एल-ई-डी. शिसे या धातूचा उच्चारही ‘लेड’, पण स्पेलिंग एल-ई-ए-डी, जे ‘लीड’ या वर्तमानकाळाचेही स्पेलिंग आहे. वाचणे या क्रियापदाचे वर्तमान आणि भूत ही दोन्ही रूपे एकाच स्पेलिंगने लिहिली जातात, त्या वळणावर जाऊन अनेक जण ‘लेड’सुद्धा ए घालून लिहितात. कर्ता ‘ती’ असेल तर वर्तमानकाळात शेवटी एस लागला असता, म्हणून तपासनिसाला संशय यायला कारण मिळते. कर्ता ‘ते’ असेल तर मात्र एल-ई-ए-डी हे वर्तमानकाळाचे निर्दोष रूप ठरते आणि वाक्यात काळ दाखवणारा एखादा स्पष्ट शब्द नसेल तर चूक तशीच छापली जाते. एकच चूक, एकच लिहिणारा. कर्ता बदलला आणि तपासणीचा निकालही बदलला.

याहून गंभीर दोष म्हणजे बरोबर शब्द बदलण्याची सूचना. ‘अफेक्ट’ हे क्रियापद आणि ‘इफेक्ट’ हे नाम, असा नियम सगळीकडे शिकवला जातो आणि बहुतांश वाक्यांत तो पुरतो. पण ई ने सुरू होणारा ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणूनही वापरतात आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो घडवून आणणे. एखाद्या संस्थेने बदल घडवून आणला असे लिहायचे असेल तर हेच क्रियापद हवे. इथे तपासनिसाने ए ने सुरू होणारा शब्द सुचवला आणि लिहिणाऱ्याने तो स्वीकारला, तर ‘बदल घडवून आणला’ याचे ‘बदलावर परिणाम केला’ असे होऊन बसते. वाक्य व्याकरणशुद्ध राहते, पण संस्थेने केलेले काम त्यातून नाहीसे होते. मानसशास्त्रात ए ने सुरू होणारा ‘अ‍ॅफेक्ट’ नाम म्हणून येतो, पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारला जातो आणि भावनेची बाहेर दिसणारी अभिव्यक्ती असा अर्थ देतो. त्या विषयात लिहिणाऱ्यांनाही असल्या दुरुस्त्यांपासून सावध राहावे लागते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की समोच्चारी शब्दांपुरते तरी ऑटोकरेक्ट बंद ठेवावे. रेघ उमटू द्यावी, शब्द मात्र आपण होऊन बदलावा.

आता शब्दकोश. इंग्रजीचे कोश पुष्कळ आहेत, पण या कामासाठी शिकणाऱ्यांचा कोशच का, हे त्याच्या इतिहासावरून कळते. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो १९४८ मध्ये पुन्हा प्रकाशित केला. आजचा कोश त्याचाच वंशज असून त्याची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली. म्हणजे हा कोश सुरुवातीपासून अशा माणसासाठी रचला गेला, ज्याला शब्दाच्या अर्थाबरोबर तो वाक्यात कसा बसवायचा हेही सांगावे लागते. मातृभाषकांसाठीचा कोश शब्दाचा अर्थ देऊन थांबला तरी चालते. शिकणाऱ्याला उदाहरणाचे वाक्य, शब्दाची जात, सोबत येणारे शब्दयोग आणि उच्चार हे सगळे लागते, आणि समोच्चारी शब्दांतून निवड करताना नेमक्या याच गोष्टी कामाला येतात.

‘प्रिन्सिपल’ची नोंद उघडली की पी-एल-ई ने संपणाऱ्या शब्दापुढे फक्त ‘नाम’ अशी खूण दिसते आणि पी-ए-एल ने संपणाऱ्या शब्दापुढे ‘विशेषण’ व ‘नाम’ अशा दोन्ही नोंदी मिळतात. एवढ्यावरच अर्धा प्रश्न सुटतो. आपल्या वाक्यात हा शब्द ‘मुख्य कारण’ किंवा ‘मुख्य हेतू’ यांतल्या ‘मुख्य’च्या जागी विशेषण म्हणून आला असेल, तर पी-ए-एल शिवाय दुसरा पर्यायच नाही, कोणताही मंत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. नाम म्हणून आला असेल तर खालची उदाहरणे पाहायची. तत्त्वतः मान्य असणे, तत्त्वाचा प्रश्न असणे, तत्त्वांना चिकटून राहणे असे ठरलेले शब्दयोग एकीकडे. संस्थेचा प्रमुख, नाटकातला प्रमुख नट, कर्जाची मुद्दल हे अर्थ दुसरीकडे. मुद्दलीचा अर्थ अनेकांना ठाऊक नसतो आणि व्याजाविषयी लिहिताना हमखास चूक होते. कोशात तो वेगळा अर्थ म्हणून दिलेला आहे.

ऑनलाइन आवृत्तीतल्या चौकटी हे या कोशाचे खरे बलस्थान. समोच्चारी शब्दांसाठी स्वतंत्र चौकट आहे, तीत जोडीतले शब्द एकाखाली एक ठेवून प्रत्येकाची जात आणि उदाहरणाचे वाक्य दिलेले असते. दुसरी चौकट अर्थाने किंवा रूपाने जवळच्या शब्दांतला फरक सांगते. या चौकटींची भाषा मला विशेष आवडते. ती वाचकाला धाक दाखवत नाही, फक्त शब्द कुठे वापरला जातो ते दाखवते. व्याख्या नेहमीच्या सुमारे ३,००० शब्दांच्या आधारे लिहिण्याचे धोरण असल्यामुळे एका कठीण शब्दासाठी दुसरा कठीण शब्द शोधण्याची वेळ क्वचितच येते.

शब्दाच्या व्युत्पत्तीची छोटी नोंद बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ती मिटलेली असते आणि मुद्दाम उघडावी लागते. समोच्चारी शब्दांच्या बाबतीत ती उघडण्याचा कंटाळा करू नये. लेखनसाहित्याच्या ‘स्टेशनरी’मागे ‘स्टेशनर’ हा शब्द आहे, म्हणजे ते साहित्य विकणारा. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत; एका ठिकाणी दुकान मांडून बसणाऱ्याला, आणि विशेषतः पुस्तकविक्रेत्याला, लॅटिनमधून आलेल्या ‘स्थिर’ या अर्थाच्या शब्दाने ओळखले जाऊ लागले. दोन्ही शब्द असे एकाच मुळाचे आहेत, पण विक्रेत्याच्या नावात ई-आर असल्यामुळे त्याच्या मालाच्या नावातही ई-आर आला. हे एकदा कळले की ए की ई हा प्रश्न पुन्हा पडत नाही. ‘डिस्क्रीट’ची जोडीही एकाच लॅटिन शब्दापासून निघाली आहे आणि दोन अर्थांसाठी दोन स्पेलिंगे ही वाटणी नंतरची आहे. ‘जस्ट डिझर्ट्स’ या प्रयोगात, म्हणजे केल्या कर्माचे योग्य फळ, अनेक जण जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा डबल एस लिहितात. प्रत्यक्षात तिथे एकच एस हवा, कारण तो शब्द पात्र असणे या अर्थाच्या क्रियापदाचा भाऊबंद आहे. वाळवंटाचेही स्पेलिंग तेच, पण त्याचा उच्चार वेगळा आणि मूळही वेगळे.

ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतींतला फरकही या कोशात नीट हाताळलेला आहे. सराव या अर्थाचे नाम आणि सराव करणे हे क्रियापद ब्रिटिश पद्धतीत अनुक्रमे सी आणि एस घेऊन लिहितात. अमेरिकन पद्धतीत दोन्हींना सीच. परवान्याच्या बाबतीत ब्रिटिश पद्धत तशीच, म्हणजे नामाला सी आणि क्रियापदाला एस, पण अमेरिकन पद्धतीत दोन्हींना एस. बाहेरून येणारा वाऱ्याचा झोत आणि लेखाचा कच्चा खर्डा यांची स्पेलिंगे ब्रिटनमध्ये वेगळी आहेत, अमेरिकेत एकच. तपासनिसात भाषा अमेरिकन निवडलेली असेल तर तो ब्रिटिश पद्धतीने बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली रेघ ओढतो, आणि कारण न कळल्यामुळे लिहिणारा गोंधळतो. कोशात शब्द पाहिला की ही चूक नसून पद्धतीचा भेद आहे, हे एका खुणेवरून कळते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव कोणत्याही कोशाच्या स्वरूपातच आहे : ज्याला शंका आली तोच कोश उघडतो. पूर्ण मोकळीक या अर्थाचा ‘फ्री रेन’ हा वाक्प्रयोग घ्या. घोड्याचा लगाम सैल सोडणे यावरून तो आला आहे, म्हणून त्यात लगाम या अर्थाचा ई-आय असलेला शब्द हवा. पण पुष्कळ लोक मोकळीक म्हणजे सत्ता असा अर्थ मनाशी धरून तिथे राज्यकारभार या अर्थाचा, मध्ये जी असलेला शब्द लिहितात, आणि तो अर्थ त्यांना इतका पटलेला असतो की शंका येतच नाही. आलीच, तरी ते कोशात ‘राज्य’ हाच शब्द उघडतात, आणि वाक्प्रयोगाचे स्पष्टीकरण तर ‘लगाम’च्या नोंदीत दिलेले असते. श्वास रोखून वाट पाहणे या अर्थाच्या प्रयोगातला ‘बेटेड’ आमिष या शब्दाखाली शोधणाऱ्याची हीच अवस्था होते. बारकाईने वाचणे या अर्थाचा ‘पोअर ओव्हर’ लिहिताना द्रव ओतण्याचे क्रियापद वापरणे, हाही याच जातीचा गोंधळ. वाक्प्रयोगांतले चुकीचे पण लोकप्रिय स्पेलिंग शोधले तरी बरोबर नोंदीकडे नेणारी सोय असायला हवी, असे मला आग्रहाने वाटते. चुकीच्या दाराशी येणारा वाचकच इथे सर्वांत गरजू असतो.

दुसरी उणीव आपल्या कानाशी निगडित आहे. समोच्चारी शब्दांची चौकट साहजिकच प्रमाण इंग्रजी उच्चारावर आधारलेली आहे. त्यामुळे आर न बोलल्यामुळे एक झालेल्या, आपल्याला कधीच न सतावणाऱ्या जोड्या तिच्या कक्षेत येतात, आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘लूज’सारख्या, आपल्याला खऱ्या अर्थाने सतावणाऱ्या जोड्या काटेकोर व्याख्येनुसार तिच्या बाहेर पडतात. हा कोशकारांचा दोष म्हणता येणार नाही, कारण ते शब्द खरोखरच समोच्चारी नाहीत. पण वापरताना हे लक्षात ठेवावे लागते. यावर कोशातच एक चांगला उपाय आहे, तो म्हणजे ध्वनिमुद्रित उच्चार. प्रत्येक शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. ज्या दोन शब्दांत आपला घोळ होतो ते पाठोपाठ ऐकावेत. फरक ऐकू आला, तर तो उच्चारात आणण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे लिहितानाही हात आपोआप योग्य अक्षराकडे जातो; फरक ऐकूच आला नाही, तर उच्चारलिपीतली चिन्हे तुलना करून पाहावीत. या चिन्हांची ओळख करून घ्यायला थोडे कष्ट पडतात, पण ते कष्ट पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट किरकोळ : विनामूल्य संकेतस्थळावर जाहिराती असतात आणि लहान पडद्यावर चौकटीपर्यंत पोहोचायला बरेच खाली जावे लागते.

दोन्ही साधने एकत्र कशी वापरावीत, तर माझ्या मते तपासनिसाची सूचना ही पृच्छा समजावी. रेघ दिसली की सुचवलेला शब्द न स्वीकारता आपला मूळ शब्द कोशात पाहावा, त्याची जात आणि उदाहरणे आपल्या वाक्याशी ताडून मगच निर्णय घ्यावा. रेघ दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. स्वतःला ज्या जोड्यांत अडखळायला होते त्यांची एक छोटी यादी ठेवावी आणि मजकूर पूर्ण झाल्यावर सॉफ्टवेअरच्या शोध-सुविधेने त्यांतला एकेक शब्द शोधून पाहावा. लांब मजकुरातही हे काम लवकर होते आणि तपासनिसाच्या अनियमितपणावर याहून भरवशाचा तोडगा मला माहीत नाही. संपूर्ण वाक्य समजून घेणारे नवे तपासनीस या जोड्या जुन्यांपेक्षा कितीतरी चांगल्या ओळखतात, हे खरे आहे. पण त्यांपैकी पुष्कळसे एका शब्दाबरोबर आजूबाजूचे वाक्यही आपल्या पद्धतीने बदलून ठेवतात आणि शब्द का बदलला ते सांगत नाहीत. ज्याला फक्त आजचे पत्र धाडायचे आहे त्याला ते पुरेल. ज्याला पुढच्या पत्रात तीच चूक नको आहे त्याला कोशाची पायरी चुकवता येणार नाही.

राहता राहिला छापील प्रतीचा प्रश्न. छापील कोशात पी-एल-ई आणि पी-एल-आय असलेले दोन्ही ‘काँप्लिमेंट’ जवळजवळ येतात, त्यामुळे एक शोधताना दुसरा सहज नजरेस पडतो; ‘प्रिन्सिपल’ आणि ‘स्टेशनरी’ यांच्या जोड्यांचेही तसेच. हा लाभ पडद्यावर मिळत नाही. पण ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ दोन वेगळ्या अक्षरांत आहेत, आणि दृष्टी, जागा व संदर्भ देणे या अर्थांचे तीन ‘साइट’ तर एस आणि सी यांत विभागलेले आहेत. तिथे पाने उलटत बसण्यापेक्षा एका चौकटीत सगळे शब्द एकत्र मिळणे केव्हाही सोयीचे. ज्यांच्याकडे छापील प्रत आधीपासून आहे त्यांनी ती टेबलावरच ठेवावी. केवळ या कामासाठी नवी प्रत विकत घेण्याची मात्र आवश्यकता नाही; विनामूल्य संकेतस्थळ त्यासाठी पुरेसे आहे.